धाकटीची कहाणी

सिगारेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर २०१६ पासून ८५ टक्के जागा रोगाच्या चित्राला आणि इशाऱ्याला द्यावी लागते. घरी भाजलेल्या मशेरीला पाकीटच नसतं. बाजारातून तंबाखूची पानं आणायची, चुलीवर जुना तवा ठेवायचा, पानं काळी पडेपर्यंत भाजायची, गार झाली की चुरायची आणि डबीत भरायची. ती डबी फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी असते, नाहीतर कमरेच्या पिशवीत. भाजताना गल्लीभर ठसका उठतो आणि कोणाच्या घरी मशेरी झाली ते सगळ्यांना कळतं.

मी आरोग्यसेविका आहे, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर. बायका मला 'शिष्टर' म्हणतात. गरोदर बायकांची नोंदणी, तपासणी, लाल गोळ्या, लसीकरण, बाळंतपणानंतरच्या भेटी हे माझं रोजचं काम. मशेरीचा विषय या सगळ्यात येतोच, कारण आमच्याकडे पुष्कळ बायका ती लावतात आणि पोटुशी असतानाही लावतात. पण कार्डावरचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, "तंबाखू खाता का?", तर उत्तर ठरलेलं: "न्हाय बाई, तंबाखू कोण खातंय!" त्या खोटं बोलत नसतात. तंबाखू खातात ते पुरुष, हातावर चुना मळून. मशेरी दातांना लावायची, ती दाताचं औषध. म्हणून मी विचारते, "सकाळी दात कशानं घासता?" मग पहिल्यांदा 'पेस्ट' येतं, आणि जरा वेळानं, "पेस्टनं घासल्यावर मग मशेरी."

तंबाखूचं नुकसान समजावायला आमच्याकडे मोठ्या चित्रांचा तक्ता असतो. त्यात जबडा कुरतडलेला माणूस आहे. तो तक्ता उघडला की बायका पदर तोंडाला लावायच्या, कडेवरच्या पोराचं तोंड फिरवायच्या, "आई गं" म्हणायच्या. आणि तपासणीच्या दिवशी मशेरी न लावता यायच्या, परत गेल्यावर लावायच्या. चित्रानं भीती बसत होती, त्यात शंका नाही. पण पहाटे पाच वाजता डोकं जड झालं, पोट साफ होईना आणि हात आपोआप डबीकडे गेला की काय करायचं, हे त्या चित्रात कुठेच नव्हतं. भ्यालेल्या बाईला दुसरी वाट दिसली नाही की ती डबी लपवते. आणि डबी लपली की माझ्याशी बोलणंही बंद होतं. ते मला सर्वात जास्त लागायचं, कारण गरोदरपणात जी बाई माझ्यापासून एक गोष्ट लपवते ती रक्तस्रावही लपवू शकते.

कहाणीकडे मी वळले ती श्रावणातल्या एका शुक्रवारी. गावातल्या एका घरी भेटीला गेले होते, तर आत जिवतीची कहाणी चालली होती. म्हातारी वाचत होती, बाकीच्या हातात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. ज्या बायका माझ्यापुढे पाच मिनिटं स्वस्थ बसत नाहीत, "शिष्टर, जनावरं सोडायचीत" म्हणून उठतात, त्याच तिथे शेवटचं वाक्य होईपर्यंत मूठ न उघडता बसल्या. कहाणी त्यांना पाठ होती. पुढं काय होणार हे ठाऊक असूनही त्या ऐकत होत्या.

घरी येऊन मी कहाण्यांचं जुनं पुस्तक काढलं आणि एक एक वाचत गेले. लहानपणी ऐकलेल्या होत्या, पण या कामाच्या नजरेनं कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांत नुसतं 'चांगलं वागा' असं नसतं. वसा काय, तो कधी घ्यायचा, सकाळी उठून पहिलं काय करायचं, पाणी कुठून आणायचं, रेघा किती ओढायच्या, गाठी किती मारायच्या, सगळं सांगितलेलं असतं. वसा देण्याआधी विचारतात, "उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." बाई म्हणते, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." म्हणजे शब्द तिच्या तोंडून वदवून घेतात. आणि ज्यांत वसा सुटतो, हेळसांड होते, घराला अवकळा येते, त्यांतही कहाणी तिथे संपत नाही. ती बाई पुन्हा वसा घेते आणि गेलेलं परत येतं. सवय सोडायला निघालेल्या माणसाला हेच हवं असतं: नेमकं काय करायचं, चारचौघींत दिलेला शब्द, आणि पडल्यावर उठायची सोय. आमच्या आज्या-पणज्यांनी हे कधीच बांधून ठेवलं होतं.

देवाच्या कोपाची भीती मात्र मला नको होती. मशेरी लावली म्हणून कोणताही देव कोपत नाही, आणि तसं सांगणं हा बायकांशी दगा झाला असता. म्हणून देव वगळून बाकीचा साचा घ्यायचा ठरवलं. वैद्यकीय अधिकारी मॅडमना सांगितलं, त्यांनी एकच अट घातली: कहाणीत खोटी माहिती एकही नको.

आमच्या आशाताई आणि बचत गटातल्या काही बायका हप्ता भरून झाल्यावर मागे थांबू लागल्या. मी प्रश्न विचारायचे आणि त्या बोलायच्या. पहिली मशेरी कोणी दिली? कोणाला सासूनं दिली होती, लग्न होऊन आल्यावर दाढ ठणकली तेव्हा. कोणाला आईनं, कोणाला शेतात सोबतच्या बाईनं. एक म्हणाली, "खुरपायला सकाळी जायचं, भाकरी दुपारी. मशेरी लावली की भूक मरती." एकीला पहिल्या खेपेला उलट्या होत होत्या, तोंडाला पाणी सुटायचं, तेव्हा जावेनं बोट पुढं केलं होतं. आणि जवळजवळ सगळ्यांचं एक वाक्य: "न्हाय लावली तर परसाकडला व्हत न्हाय."

या उत्तरांनी माझं काम बदललं. तंबाखूतलं निकोटिन भूक दाबतं, आतड्यांना चाळवतं, आणि सवय झाली की ते मिळालं नाही तर डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप उडते. म्हणजे बायका जे सांगत होत्या ते सगळं खरं होतं. मशेरी त्यांच्यासाठी दाढदुखीवरचा डॉक्टर होती, न्याहारी होती, कामातून मिळणारी दहा मिनिटांची उसंत होती. हे सगळं काढून घ्यायचं आणि बदल्यात काहीच द्यायचं नाही, अशी कहाणी कोणी ऐकली नसती.

मग कहाणी बांधायला घेतली. सुरुवात नेहमीचीच ठेवली. आटपाट नगर होतं. तिथं एक म्हातारी होती, तिला तीन सुना. थोरली करायची स्वयंपाक, मधली बघायची जनावरं, धाकटी जायची रानात. धाकटी पोटुशी राहिली. पहाटे उठावं, डबी उघडावी, बोटभर मशेरी लावावी, उंबऱ्यावर टेकावं, असा तिचा नेम.

इथं एका थोरल्या बाईनं हात वर केला. "सासूला वाईट करायचं न्हाय, शिष्टर. आमी समद्या आता सासवाच हाय." सगळ्या हसल्या, पण तिचं म्हणणं त्या रात्री मी पुष्कळ वेळ घोळवलं. आमच्या घरांत डबी सासूच्या ताब्यात असते, तंबाखू ती आणते, भाजते ती. सुनेनं एकटीनं सोडायचं म्हटलं तरी त्याच घरात तवा तापतो, तोच वास सुटतो. सासू जर कहाणीतली दुष्ट बाई झाली, तर घरी जाऊन ती सुनेला म्हणणार, "लई शहाणी झालीस." म्हणून आमच्या कहाणीत सासूच वसा देते. तिच्या स्वतःच्या हिरड्या खाली गेल्यात, दात हलतात, भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. ती धाकटीला म्हणते, "माझे दात गेले ते गेले. तुझ्या पोटातल्याचं काही जायला नको. वसा देते, घेशील?" आणि डबी फळीवरून काढून माळवदावर नेऊन ठेवते, जिथं शिडी लावल्याशिवाय हात पोचत नाही.

वसा काय, तर हा. पहाटे उठावं, आधी तांब्याभर कोमट पाणी प्यावं. चूळ भरावी, कडुनिंबाच्या काडीनं दात घासावे. तलफ आली की भाजलेली बडीशेप तोंडात टाकावी आणि शेजारणीला हाक मारावी, तिच्याशी बोलत बसावं तोवर तलफ निघून जाते. रानात जाताना पदरात शेंगदाणे आणि गूळ बांधावा, भूक लागली की खावा. जेवणात पालेभाजी असावी. दाढ ठणकली तर मशेरी लावू नये, ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरकडे जावं, कारण मशेरीनं दाढ बधिर होते आणि आतली कीड पोखरतच राहते. शेवटचं वाक्य त्याच थोरल्या बाईनं तिच्या अनुभवावरून घातलं. मी ते शब्दानं बदललं नाही.

वसा मोडायचा प्रसंग कोणता, यावर सर्वात जास्त वाद झाला. माझ्या डोक्यात भांडण होतं. बायकांनी ते उडवून लावलं. "भांडणात न्हाय मोडत. गोंधळाच्या राती मोडतं. जागरण असतं, समद्या बसल्याल्या, डबी फिरती." कोणी म्हणालं माहेरी, डोहाळजेवणाला. शेवटी गोंधळाची रात्र ठरली. संबळ वाजतोय, दिवटी पेटलीय, जावेनं डबी पुढं केली, धाकटीनं बोट घातलं. सकाळी ती रडायला लागली, वसा मोडला म्हणाली. सासू म्हणाली, "रात्री मोडला, सकाळी धर. मोडला म्हणून टाकायचा नसतो." माझ्या मते सगळ्या कहाणीत हे सर्वात कामाचं वाक्य आहे. एकदा हात गेला की 'आपल्याच्यानं व्हायचं न्हाय' असं ठरवून बाई पुन्हा रोज लावू लागते. सवय सुटण्याच्या वाटेवर बहुतेक जणी याच ठिकाणी मागे फिरतात, आणि तिथं उभं राहून कोणीतरी बोलावं लागतं.

बाळाचं वजन कहाणीत आणायचं होतं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून झालेला एक अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला गेला. धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती, आणि त्या बायकांत बहुतेकींची सवय मशेरीचीच होती. १०५ ग्रॅम हा आकडा बोलून कोणाला काही वाटत नाही. म्हणून मी किराणा दुकानातून शंभर ग्रॅमचं वजन मागून आणते आणि कहाणीत बाळाची गोष्ट आली की ते हातोहात फिरवते. अडीच किलोच्या आतल्या बाळाला आम्ही कमी वजनाचं म्हणतो, त्याला ऊब टिकवायला आणि दूध ओढायला त्रास होतो. काठावरच्या बाळाला तेवढं वजन किती मोलाचं, हे ते वजन हातात आलं की वेगळं सांगावं लागत नाही.

पण हा भाग मी फक्त गरोदर बायकांपुढे आणि सासवांपुढे सांगते. जिचं बाळ आधीच कमी वजनाचं झालंय, ती बसलेली असेल तर वजन पिशवीतून काढत नाही. बाळ लहान होण्याची कारणं पुष्कळ असतात. अंगात रक्त कमी, लवकर लग्न, दोन बाळंतपणांत अंतर नाही, शेवटच्या महिन्यापर्यंत डोक्यावर ओझं. त्या बाईच्या पदरात 'तूच केलंस' असं टाकणारी कहाणी कितीही खरी असली तरी ती मी सांगणार नाही.

कहाणी सांगण्याची रीत मी कीर्तनातून घेतली. गाडगेबाबांची कीर्तनं प्रश्नोत्तरांची असायची. बाबा विचारायचे, लोक मोठ्यानं उत्तर द्यायचे, आणि उत्तर देता देता स्वतःच कबूल करून बसायचे. दिवसा खराट्यानं गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनात मनं झाडायची, असं त्यांचं काम. १९५६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते ऐकताना लक्षात येतं की बाबा समोरच्याला गप्प बसूच देत नाहीत. मीही धाकटीचं बोट डबीपाशी आलं की थांबते आणि विचारते, "आता काय करील ही?" उत्तरं येतात. "लावील की!" "पाणी पिईल." "नवऱ्याला शिव्या देईल." मी कोणतंच उत्तर चूक म्हणत नाही. "लावील" म्हणणारीला विचारते, "बरं, लावली. मग सकाळी?" ती स्वतःच पुढची वाट शोधते, आणि ती वाट तिची असते.

शेवटही बायकांनीच केला. देवाचं नाव यायचं तिथं त्यांनी म्हटलं, "जशी धाकटीची सुटली, तशी तुमची-आमची सुटो. ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण."

बौद्धवस्तीत मी ही कहाणी या रूपात सांगितली नाही. तिथल्या बायका श्रावणातल्या कहाण्या वाचत नाहीत, आणि वसा, आटपाट नगर त्यांच्यावर लादायचं काही कारण नव्हतं. तिथं साधी गोष्ट सांगितली: एक बाई होती, ऊसतोडीला जायची. कोयत्यावरची पहाट, फडातली थंडी, मुकादमाची हाक, हे सगळं तिथल्या बायकांनीच भरलं. गोष्टीत वशाऐवजी दोघी मैत्रिणींनी एकमेकींना दिलेला शब्द आला. माझ्या मते ती गोष्ट जास्त जिवंत झाली, कारण साचा आधी ठरलेला नव्हता.

कहाणीनं काय झालं, हे सांगताना मला फुगवून सांगायचं नाही. काही जणींची पूर्ण सुटली. काहींनी गरोदरपणात सोडली आणि बाळ अंगावर पिणं सुटल्यावर पुन्हा धरली. काहींनी पहाटेची सोडली, दुपारची ठेवली. एका घरात सासूनं आणि सुनेनं एकाच दिवशी सोडली, आणि सासू पहिल्या आठवड्यात इतकी चिडचिडी झाली की मुलगाच मला म्हणाला, "शिष्टर, द्या तिला परत." पहिले काही दिवस अवघड असतात, दोन-चार आठवड्यांत त्रास उतरतो, हे मी त्याला समजावलं. तंबाखू सोडायला फोनवर मोफत सल्ला मिळतो, तो १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांकही दिला. काही जणी मशेरी सोडून तपकिरीकडे वळल्या. तपकीर म्हणजेही तंबाखूच, नुसती बारीक केलेली. हे कळल्यावर बायकांनी कहाणीतल्या मधल्या सुनेचा भाग वाढवला. ती आता धाकटीला म्हणते, "मशेरी सोडलीस ना, मग नाकाला चिमूट लाव, त्यात काय?"

खरा फरक मला दुसरीकडे दिसला. डब्या लपवणं थांबलं. तपासणीला येताना बायका सांगू लागल्या, "काल मोडलं, शिष्टर. आज धरलंय." कार्डावरचा रकाना मी पहिल्यांदा मोकळ्या मनानं भरू लागले. एका पोटुशी मुलीनं याच बोलण्याच्या ओघात पायावरची सूज आणि डोळ्यांपुढं येणारी अंधारी सांगितली. रक्तदाब वाढलेला निघाला, तिला त्याच दिवशी पुढं पाठवलं. मशेरीचा विषय निघाला नसता तर ती पुढच्या तपासणीपर्यंत गप्प बसली असती, असं मला वाटतं.

पुरुषांनी मध्यंतरी तक्रार केली की आमच्यासाठी काही नाही. पारावर एकदा प्रयत्न केला, तो रंगला नाही. पुरुषांची गोष्ट पुरुषानं सांगावी लागेल, आणि त्याची तंबाखू स्वतःची सुटलेली असावी लागेल. आमचा आरोग्यसेवक त्या वाटेवर आहे, अजून पूर्ण सुटलेली नाही.

बचत गटातल्या दोघी-तिघी आता शेजारच्या वाड्यांवर जाऊन कहाणी सांगतात. मी मागे बसून ऐकते. त्यांनी ती त्यांच्या पद्धतीनं बदलली आहे. माझ्या कहाणीत शेवटी एक नर्सबाई येत असे, बाळाचं वजन करायला. त्यांनी तिला काढून टाकलंय. वजन शेजारीण करते, दुकानातल्या काट्यावर नाही, आशाताईंच्या काट्यावर, आणि सगळ्या वाडीला ओरडून सांगते. सुरुवातीलाच त्या ऐकणाऱ्यांना विचारतात, "तुमच्यात पहिली मशेरी कोणी दिली, सांगा बरं," आणि ज्या वाडीत जे उत्तर येतं ते तिथल्या धाकटीच्या तोंडी घालतात. येत्या श्रावणात तपकिरीवाल्या मधल्या सुनेची वेगळी कहाणी करायची असं त्यांनी ठरवलंय. त्यासाठी तपकीर ओढणाऱ्या बायकांशी बोलणं सुरू झालंय. मला त्यांनी काम दिलंय ते दातांच्या डॉक्टरांची वाडीवर भेट ठरवायचं, कारण दाढ ठणकत असताना कोणतीच कहाणी ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. तारीख मिळवायला मी या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात जाणार आहे.